दाजींच्या व्हॅनची करकर

आमच्या दाजींच्या हाती लागलेली वस्तू मरत नाही. त्या बिचारीची कितीही इच्छा असली तरी दाजी तिला मरू देत नाहीत. थोरल्या अक्काच्या लग्नात दिलेला मिक्सर तीस वर्षांनी अजून चटणी वाटतो, फक्त त्याला आता पंख्याचं बटण आहे आणि झाकणावर वरवंटा ठेवावा लागतो. उचगावातल्या त्यांच्या परसात मोडक्या छत्रीवर दोडक्याचा वेल चढलाय. अक्का म्हणते, "मी आजारीच पडत न्हाय. पडले तर हे मलाबी खोलून बसतील!" आणि या सगळ्या खानदानाची थोरली म्हणजे त्यांची व्हॅन. तिची दारं ओढून लागत नाहीत, समजूत काढून लावावी लागतात. दोन वर्षांत तीन फोन बदलणारा मी, त्यांच्यापुढे नेहमीच खाली मान घालून बसतो.

पण व्हॅनच्या दारांतले स्पीकर मात्र खरोखरच गेले होते. आतला कागद फाटलेला. कुठलाही गायक गायला लागला की तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा गायचा. दाजींनी ते मनावर घेतलं ते त्यांच्या आईसाठी. म्हातारीची दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली, आणि माहेर पार चंदगडकडं. "एकदा ने बाबा, अंगणात बसून येते," एवढंच तिचं मागणं. डॉक्टरांनीही बजावलं होतं, न्यायचं तर पावसाळ्याआधी न्या, नंतरचं काही सांगता येत नाही. "वाटंतलं डोंगर तर दिसायचं न्हाईत तिला," दाजी म्हणाले, "गाणी तरी नीट ऐकू देत की!"

मी म्हटलं, "दाजी, नवे स्पीकर मी घेऊन देतो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पाकीट परत खिशात घातलं. मग भंगारात निघालेल्या कुठल्या तरी गाडीचे स्पीकर त्यांनी हुडकून आणले. आवाज खणखणीत, पण आकार लहान. दारातल्या भोकात ठेवले की सरळ आत पडायचे. मध्ये बसवायला कडं हवं होतं. दुकानात प्लास्टिकचं मिळत होतं, पण दाजी कसले ऐकतात! "उन्हात वाकडं हुतंय ते. चामडं बघा पावणं, चामडं!" असं म्हणून ते गेले थेट एका म्हाताऱ्या चप्पल-कारागिराकडे. दाजींचे वडील, म्हणजे आप्पा, हयात असेपर्यंत त्याच्याकडूनच पायताण करून घेत. दाजींनी त्याला माप दिलं आणि वर सांगितलं, "आप्पांच्या पायताणाला जसं काम करत हुतास, अगदी तसंच कर."

कारागीर शब्दाला पक्का. चप्पल करकर वाजावी म्हणून चामड्याच्या दोन थरांमध्ये बी घालतात. आप्पांची करकर गल्लीच्या तोंडाशी आली की घरातली पोरं पटापट पुस्तकं उघडायची, असं अक्काला सासूनं कितीदा सांगितलंय. त्या भल्या माणसानं स्पीकरच्या कड्यांतही इमानेइतबारे बिया घातल्या, आणि त्याबद्दल बोलायची त्याला गरजही वाटली नाही.

तीन दुपारी घाम गाळून दाजींनी दारं खोलली, वायरी जोडल्या, कडी बसवली. गाणं असं लागलं, की शेजारची म्हैस रवंथ थांबवून बघायला लागली. आम्ही टाळ्या पिटल्या. म्हातारीला पुढं बसवून गल्लीत एक चक्कर मारायला निघालो, तर पहिल्याच खड्ड्यात तिच्या बाजूच्या दारातनं आवाज आला, कर्र कर्र. दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा. आणि आमच्या रस्त्यांना खड्ड्यांची काय वानवा! दाजींचं तोंड एवढंसं झालं. सकाळी निघायचं, आणि हे काय झेंगाट! त्यांनी गाडी थांबवून स्क्रू-ड्रायव्हर काढला, तेवढ्यात म्हातारीनं चाचपत त्यांचा हात धरला.

"हात लावू नगंस."

"आगं, करकर काढतो की."

"तुझं आप्पा चालल्यात न्हवं शेजारनं? जलमभर माझ्या म्होरं धा पावलं चालत हुते. आता कुठं बरोबरीनं आल्यात. ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी चंदगडपर्यंत तिनं दाजींना गाणं बारीक करून ठेवायला लावलं. एवढ्या खटपटीनं बसवलेले स्पीकर, आणि ऐकत होती ती कडी! माहेरच्या अंगणात ती तासभर बसली, फणसाच्या झाडाला हात लावून आली, आणि त्याच पावसाळ्यात गेली.

यंदाच्या पावसात चामडं भिजून मऊ पडलं आणि करकर थांबली. परवा मी गेलो, तर व्हॅनची दारं उघडी, आणि दोन्ही कडी परसातल्या दोरीवर वाळत घातलेली. मी भीत भीत पिशवीतून प्लास्टिकची कडी काढली. "ठेवा पावणं, कशाला तरी हुतील," दाजी म्हणाले. मग त्यांनी दोरीवरचं एक कडं काढून कानाशी धरलं, जरा वाकवलं, पुन्हा वाकवलं. काहीच वाजलं नाही.

"अजून ओलं हाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ऊन पडू दे. वाजंल की."

कडं पुन्हा दोरीला लावून ते पायरीवर बसले. मीही त्यांच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघं ढगांकडे बघत राहिलो.