भेंडीच्या पाण्याचा गूळ

इस्लामपूरच्या रस्त्यावर उकळत्या उसाच्या रसाचा वास आला की मी गाडीची काच वर करते, तरी तो मेला आत येतोच, आणि मला कुंडलजवळचं ते गुऱ्हाळ आठवतं. रसातली मळी काढायला रानभेंडीचं पाणी वापरलं, तर रासायनिक पावडरीशिवायही गूळ पिवळाधमक होतो, असा माझा शोधनिबंध नुकताच छापून आला होता. नमुने त्या गुऱ्हाळातले, म्हणून छापील प्रत आणि पेढे घेऊन मी तिथं गूळ करणाऱ्या म्हाताऱ्या गुळव्याला भेटायला गेले. काहिलीत रस रटरटत होता, चुलवाणात चिपाडं धडधडत होती. म्हाताऱ्यानं धोतराला हात पुसून निबंधातला गुळाचा फोटो निरखला आणि खुशीत म्हणाला, "आवं बाई, ह्यो तर पावडरीचा गूळ! त्या दिवशी भेंडी कमी पडली, तवा तुमी चहाला गेल्यावर मी पावडर मारली की." मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" "तुमी कवा इचारलं?" आठ दिवसांवर बढतीची मुलाखत होती, मी कुणालाच काही कळवलं नाही. आज माझ्या सगळ्या निबंधांत त्याच एकाचा संदर्भ लोक सर्वांत जास्त देतात. नवा संदर्भ आला की फोन वाजतो आणि मी तो पालथा ठेवते. परवा उंब्रजची माझी विद्यार्थिनी तिसऱ्यांदा काळपट निघालेला गूळ घेऊन आली. "मॅडम, भेंडीनं तुमच्यासारखा रंग येतच न्हाई. माझं काय चुकतंय?" मी मान वर न करता म्हणाले, "पुन्हा करून बघ."