आंगावरसून वारो गेलो

“ए बाई, लांब उभी राहा. झालंय काय?”

डॉक्टर जिच्यावर ओरडले ती माझी आई होती. मी त्या दवाखान्यात पट्टेवाला. डॉक्टर घाटावरचे. पेशंटचं मालवणी बोलणं त्यांना शुद्ध मराठीत सांगणं हे माझं काम. मी दवाखान्यामागच्या खोलीत राहायचो, महिनाभर धामापूरला घरी गेलो नव्हतो. आईने माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली होती आणि मला आईच्या चिखलाने भरलेल्या लुगड्याची लाज वाटत होती.

तिच्या खांद्यावर माझी बहीण शेवंती. नऊ वर्षांची. तापाने फणफणलेली.

“चेडवाच्या आंगावरसून वारो गेलो, सायबा,” आई म्हणाली. “हात उचलणा नाय. माका वळखणा नाय.”

डॉक्टरांनी एकच शब्द ऐकला. “वारं आलंय अंगात? मग इथे कशाला? भूत उतरवणाऱ्या घाड्याकडे ने. त्याला कोंबडा चालतो, मला केसपेपर लागतो.”

कंपाउंडर हसला. मीही हसलो.

अंगात येतं ते देवाचं वारं. अंगावरून जातं तो लकवा. आमच्याकडे लहान मूलसुद्धा यात चुकत नाही. मीही चुकलो नव्हतो. पण दोनच दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, “तुझ्या लोकांची वकिली करायची असेल तर पट्टा काढून ठेव.” मी पट्टा जपला.

“डॉक्टर सांगतत तर घाड्याक दाखवतंय,” म्हणत आई वळली.

तिसऱ्या दिवशी शेवंतीला बेशुद्ध आणली. मान लाकडासारखी ताठ. डॉक्टरांनी आता हात लावला. “मेंदूला सूज आहे.” दुपारी ती गेली.

डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, “लिही, घाड्याकडे नेल्याने उशीर.” मग मला, “बाईचा अंगठा घे.”

“मी घेवचंय नाय. ती आदी हयच इल्ली.”

“शुद्ध बोल.”

“ती आधी इथेच आली होती. ही माझी आई आहे,” मी शुद्ध मराठीत सांगितलं आणि पट्टा टेबलावर ठेवला.

“मग परवा का बोलला नाहीस?”

मी शेवंतीला खांद्यावर घेतली आणि आईबरोबर बाहेर पडलो.

पुढे गावात रक्त तपासायला आलेल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, तो डासांतून येणारा मेंदूचा ताप असावा. पाणी साचलेल्या भातशेतात ते डास वाढतात. त्याच्या विषाणूवर औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. पहिल्याच दिवशी खाटेवर घेतली असती तरी ती वाचली असती, असं कोणी म्हणू शकत नाही. हे ऐकून मला काही दिवस बरं झोपता आलं. याचीही लाज वाटते.

कारण आई झोपत नाही. वाडी म्हणते, हिने चेडू घाड्याकडे नेऊन मारलं. आई स्वतःच म्हणते, “मीच मारलंय तिका.” पट्टा टाकून आलेला मी, शेजारी बसून तिच्या हातची पेज पितो. डॉक्टरांनीच तिला घाड्याकडे पाठवलं, हे वाडीला सांगत नाही. ते सांगायचं तर मी हसलो होतो, हेही सांगावं लागेल.

या शिमग्याला मांडावर, म्हणजे खेळे नाचतात त्या जागी, सगळी वाडी जमेल. आईला शेजारी उभी करून मी तिथे सांगणार आहे. कोण हसलं, कोण गप्प राहिलं, सगळं. त्यानंतर तिने मला घराबाहेर काढलं तर मी जाईन. तिची माफी मी मागणार नाही. मागितली तर तिला ती द्यावी लागेल, असं ओझं तिच्यावर आणखी टाकणार नाही.