मिस्त्रीने बंद ठेवलेली सेटिंग

रक्त तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये त्याला सगळे मिस्त्री म्हणत. खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर, काम मात्र सगळं कीबोर्डवरचं. रिपोर्ट साठवणारा डेटाबेस तो सांभाळायचा, आणि तो डेटाबेस चालायचा टेबलाखालच्या डब्याएवढ्या लिनक्स मशीनवर. मेमरी जेमतेम दोन जीबी. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं तो म्हणे. बाकीच्यांना त्यातलं पहिलं अर्धंच पटायचं.

त्या मशीनला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. डेटाबेसला मेमरी किती द्यायची, एका वेळी किती जणांना जोडू द्यायचं, हे तो मोजून-मापून ठरवी. एक आकडा बदलायचा, दोन दिवस बघायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. उतावळा गडी नव्हताच तो. म्हणून तर पुढे जे झालं त्याला सबब नाही.

एका रविवारी त्याने दहा वर्षांचे जुने रिपोर्ट मशीनमध्ये भरायला घेतले. असं घाऊक भरताना या धंद्यातले लोक एक युक्ती करतात. लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरलं की नाही, याची दर वेळी खात्री करून घेणारी एक सेटिंग असते, ती तेवढ्यापुरती बंद करतात. काम झपाट्याने उरकतं. उरकलं की ती लगेच चालू करायची, कारण ती बंद असताना वीज गेली तर अख्खा डेटाबेस नासू शकतो. मिस्त्रीला हे तोंडपाठ होतं.

सोमवारी सकाळी तो ती चालू करायला बसला आणि तेवढ्यात ताई आल्या. ताई म्हणजे लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. रिपोर्ट टाइप करायचं काम त्यांचं.

"अरे मिस्त्री, काय केलंस काय? बटण दाबायच्या आत रिपोर्ट हजर!"

लॅब चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनीही मान डोलावली. बारा वर्षांत त्याचं कौतुक असं कुणी केलंच नव्हतं. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. आजचा दिवस राहू दे, म्हणाला. एकाचे नऊ दिवस झाले.

दहाव्या दिवशी भर दुपारी वीज गेली. थकलेल्या यूपीएसने मिनिटभरही दम धरला नाही. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा डेटाबेस नासलेला होता. मिस्त्रीने गुपचूप आदल्या संध्याकाळची बॅकअप प्रत चढवली. त्या सकाळचे एक्केचाळीस रिपोर्ट गेले ते गेलेच, आणि उपाशीपोटी घेतलेलं ते रक्तही आता शिळं झालं होतं.

"ताई, सेव्ह केलं होतंत ना?" मॅडमनी विचारलं.

ताई गडबडल्या. "केलं होतं... म्हणजे, केलंच असणार. हल्ली जरा..."

मिस्त्री शेजारीच उभा होता. एक वाक्य पुरलं असतं. पण त्याने मिठाची गुळणी धरली.

अर्जांवरचे नंबर बघून ताईंनीच एकेकाला फोन लावला. "माझ्याकडून चूक झाली. उद्या परत उपाशीपोटी याल का?" दुसऱ्या दिवशी एका आजोबांची शीर काही सापडेना. चौथ्यांदा सुई टोचताना ताई त्यांची माफी मागत होत्या, आणि त्याच वेळी मिस्त्री टेबलाशी, त्यांच्याकडे पाठ करून, ती सेटिंग चालू करत होता. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती, तरी तो वळला नाही. उगाच वायरी आवरत बसला.

मग ताई प्रत्येक रिपोर्ट आधी वहीत लिहू लागल्या. महिन्याभराने त्यांनी मॅडमना सांगून टायपिंग सोडलं आणि नळ्यांना लेबलं चिकटवायचं काम मागून घेतलं. ते कळलं त्या दिवशी मिस्त्रीने जेवायला उघडलेला डबा तसाच बंद केला. तो उठला, ताईंपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

ताईंनी हातातलं लेबल नीट चिकटवलं.

"मला वाटलं, मला विसरायला होतंय," त्या म्हणाल्या. "आईचं असंच सुरू झालं होतं. महिनाभर रोज चार-चारदा उठून बघतेय, गॅस बंद केलाय का."

"चुकलं माझं, ताई."

"मशीन कधी नीट केलंस?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मशीन दुसऱ्या दिवशी," ताई म्हणाल्या, "आणि मला महिनाभर तसंच ठेवलंस." त्यांनी पुढची नळी उचलली.