पाच गाण्यांची पात

तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुधा सांगायला धजतेय. जे मला ओळखतात त्यांच्यापैकी एकालाही हे ठाऊक नाही. म्हणजे — एकीला आहे. तिला सांगावंच लागलं नाही.

शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव. आमच्या घरात पहिली बी.ए. मी. याचा मला गर्व होता, अजूनही आहे, उगाच नम्रपणा दाखवत नाही. गावात कुणाचाही अर्ज लिहायचा असला की माणसं माझ्याकडे यायची. रेशनकार्ड, निराधार योजना, नळजोडणी. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा, शेजारी त्याचं नाव घालायचं, आणि खाली लिहायचं — लिहिणार अमुक. शब्द त्याचे, अक्षर माझं. यात मी कधी गफलत केली नाही. एकदाच केली. तीच सांगायला बसलेय.

माझी वहिनी सुमन. शाळा चौथीत सुटली, लग्न सतराव्या वर्षी. कापूस वेचण्यात गावात तिचा हात धरणारी बाई नाही. वेचायला निघाली की रिकामी स्टीलची कळशी सोबत न्यायची आणि दादाचा जुना मोबाईल त्या कळशीत ठेवायची. आवाज घुमून अख्ख्या रानात जायचा. गाणी एकाच माणसाची. तो गायक तुम्हालाही माहीत असेल, वरातीत, यात्रेत, रिक्षात तोच वाजतो. मलाही तो आवडायचा. आवडायचा कसला — मोबाईलच्या कव्हराच्या आत त्याचा फोटो होता.

तो शेवगावला येणार होता, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. आधी त्याने त्याच्या पेजवर टाकलं : माझी गाणी तुम्ही काय करताना ऐकता ते कळवा, एकाला स्टेजवर बोलवीन. मी वहिनीला वाचून दाखवलं. ती पडवीत कापसातला पालापाचोळा काढत बसली होती. मान वर न करता बोलत गेली, आणि मी टाईप करत गेले. बाईच्या वाट्याला कपाशीची जी ओळ येते तिला आम्ही पात म्हणतो. वहिनी म्हणाली, "माझी पात मी तुमच्या गान्यावर मोजते. बांधाकडची तीन गान्यांची, हिरीकडची पाच गान्यांची. सहावं लागलं की समजायचं, आज हात जड झालाय. गानं लागल्यावर कंबर दुखायची थांबत न्हाई, पन दुखतीय ते ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी थांबले. अशी ओळ मला तीन वर्षांच्या कॉलेजात सुचली नव्हती.

"नाव काय घालू?" मी विचारलं.

"माझं नका घालू वं ताई. तुमचे दादा म्हनतील, गानाऱ्याला कागद धाडती व्हय आता!" आणि हसली.

मेसेज माझ्या अकाउंटवरून गेला. खाली 'लिहिणार' असं काही घातलं नाही. मोबाईलवर कोण घालतं?

दोन दिवसांनी उत्तर आलं — या, महिलांच्या भागात पुढे बसा, बोलावू. वहिनीने घरी सांगितलं, ताईला एकटीला कसं धाडायचं, मी जाते सोबत. लग्नातली हिरवी साडी नेसली. जीपमध्ये सगळी वाट पायाचा अंगठा हलत होता तिचा. गाणं तिच्या आतच वाजत असावं.

तो स्टेजवर आला तेव्हा आमच्यात आणि त्याच्यात दहा पावलंही नव्हती. गळ्यातल्या शिरा दिसत होत्या. तीन गाणी झाली. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि वाचलं. अख्खं. पाच गाण्यांच्या पातीवर मैदानभर टाळ्या पडल्या. मग शिट्ट्या.

"कुठंय ही ताई? या वर!"

आता बघा, इथे मी म्हणू शकले असते की तिनेच नाव घालू नको म्हणून सांगितलं होतं. आजवर स्वतःला तेच सांगत आले. पण वहिनी उठली होती. पदर नीट केला होता, माझ्या खांद्यावर हात टेकून पुढच्या दोन खुर्च्यांमध्ये एक पाऊल टाकलंही होतं. मी काय केलं? माझी पर्स तिच्या हातात दिली. आणि तिच्या पुढून गेले.

तिने पर्स धरली. दुसरं काय करणार होती?

वर त्याने विचारलं, किती वर्षं वेचताय कापूस? मी म्हणाले, लहानपणापासून. मी आयुष्यात एक पात पुरी केलेली नाही हो. पोरगी शिकतेय म्हणून वडिलांनी, अण्णांनी, मला रानात कधी उतरू दिलं नाही. माझ्या वाटणीची पात वहिनी वेचायची. त्याने माझा हात धरून उंच केला — "बघा, कष्टाचे हात!" — आणि मी तो खाली घेतला नाही. बोंडाचा एक ओरखडा नव्हता त्यावर.

परत येताना वहिनीने एवढंच विचारलं, "ताई, जवळून कसा दिसतो वं? घामेजला हुता का?"

तिथून सुटकाच नाही. व्हिडिओ जिल्हाभर फिरला. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. सासरच्यांनी मला आधी त्या व्हिडिओत पाहिलं, मग बघायला आले. लग्नानंतर पहिल्या वेचणीला सासूबाईंनी मुद्दाम चार बायका बोलावल्या, आमच्या सूनबाईचा हात बघा म्हणून. मी कंबर धरून बसले. दरवर्षी वेचणी आली की माझी कंबर धरते. नवरा भला माणूस, डॉक्टरकडे नेतो. मी गोळ्या घेते. कसल्या गोळ्या घेते मी?

सांगून का टाकत नाही? कुणाला काय सांगू? दादाला सांगितलं तर कागद धाडणारी त्याची बायको होती हेही सांगावं लागेल. बघा, परत तिच्या आड लपले. खरं इतकंच, की मला ती शाल परत द्यायची नाही.

परवा माहेरी गेले होते. वहिनीच्या मुलीला शाळेत 'माझी आदर्श व्यक्ती' यावर बोलायचं होतं. तिने मला निवडलं. पोरगी ओट्यावर उभी राहून घोकत होती : माझी आत्या कापूस वेचता वेचता शिकली. पुढे ती अडली. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने पुढचं वाक्य सांगितलं, "तिची पात पाच गान्यांची हुती." पोरगी पुन्हा चुकली. वहिनीने पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द, पाठ होईपर्यंत.

मी समोरच बसले होते. पोरीने विचारलं, "आत्या, बरोबर हाय ना?"

मी हो म्हणाले.