बिद्रीच्या अलीकडचं इंग्लंड

इंग्लंडमधल्या खेड्यांवर माझा फार जीव होता, आणि आमच्या स्वतःच्या गावाला, नेसरीला, मी कित्येक वर्षांत फिरकलो नव्हतो; कारण ते फारच खेडं होतं.

इंग्लंड मी पाहिलेलं नव्हतं. (अजूनही नाही.) पण सत्तर सालच्या आसपास मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. झाकणावर हिरवंगार कुरण, ओढा, दगडी पूल आणि मेंढ्या. झाकण बघितलं की वाटायचं, आपण खरे तिथले, पत्ता चुकून इकडे जन्माला आलो. माझी बायको मालती त्या डब्यात सुक्या मिरच्या ठेवायची. त्यामुळे इंग्लंड बघताना मला कायम शिंका यायच्या.

थंडीतल्या एका शनिवारी मी जाहीर केलं, "उद्या सहलीला जायचं. पण पन्हाळा नाही, जोतिबा नाही. नुसतं रानात जायचं, गवतावर बसायचं आणि बघायचं."

"कुणाच्या रानात?" मालतीनं विचारलं.

"कुणाच्याही."

"आणि जेवायला?"

"काकडीचे सँडविच."

मालतीनं तोंड वाकडं करत डब्यातल्या मिरच्या काढून ठेवल्या. माझी धाकटी बहीण सुमन मात्र लगेच तयार झाली. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि कांदेपोह्यांचा तिला इतका वीट आला होता की काकडीसुद्धा चालेल म्हणाली.

बिद्रीची एसटी पकडली आणि तिथल्या साखर कारखान्याच्या बरंच अलीकडे, जिथे ओढा दिसला तिथे उतरलो. माझ्या अंगात नेसरीच्या चुलत्यांचा लोकरी कोट, डोक्यावर हॅट, हातात काठी. बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, आणि सुमनच्या हातात तो डबा, वर विणलेला रुमाल. मी बांधावर उभा राहून छाती भरून श्वास घेतला. शेजारी ऊसतोड चालू होती, ती थांबली.

थोड्या वेळानं फेटा बांधलेले एक गृहस्थ आले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते.

"रामराम पावणं. कुठलं म्हणायचं?"

"कोल्हापूर."

"मूळचं?"

"नेसरी," मी नाइलाजानं म्हणालो.

"मग आपल्यातलंच की! बघायला आलाय न्हवं?"

"हो, बघायलाच आलोय." मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता समजून घेत होतं. "हे सगळं तुमचं?"

"त्या नारळापातूर आमचंच. निवांत बघा. हिरीचं पाणी बघा. आमच्यात लपवाछपवी न्हाय."

मी विहिरीत डोकावलो. माती हातात घेऊन हुंगली. उन्हाळ्यात ओढा वाहतो का, हेही विचारलं. मालती मागून कोपरानं ढोसत होती. "अहो, ऐका जरा. हे लोक काहीतरी—"

"शू. शांतता ऐक." मी तात्यांकडे वळलो. "अशा ठिकाणी माणसानं जन्म काढावा."

"काढा की. आमी काय कमी पडू देणार न्हाय."

एवढ्यात घरातून बायका आल्या आणि सुमनला नखशिखांत बघू लागल्या. मागून ओल्या केसांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण उसाच्या रसाचा तांब्या घेऊन आला. भर रानात इस्त्री बघून मी हातातली माती खाली टाकली.

"ह्यो आमचा महादेव," तात्या म्हणाले. "शेतकी कॉलेज केलंय. नोकरी नगं म्हनला."

आता डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे मुलीकडचे लोक मुलाची शेतीवाडी बघायला असेच येतात: न कळवता, चांगलेचुंगले कपडे घालून, विहिरीत डोकावत. मी एकही गोष्ट बाकी ठेवली नव्हती. वर मुलगीही सोबत आणली होती!

"तात्या, गैरसमज झालाय," मी कसंबसं म्हणालो. "आम्ही नुसतं गवत बघायला आलोय."

"गवत?"

"गवत. ओढा. असंच."

"कोल्हापुरास्नं? एसटीचं तिकीट काढून?"

"हो."

तात्यांनी बराच वेळ माझ्या हॅटकडे बघितलं. मी घाईनं सँडविच पुढे केलं. त्यांनी ते उघडलं, काकडी खाल्ली आणि पाव परत डब्यात ठेवून हळूच मालतीला विचारलं, "आजारी हायत व्हय?" (पाव त्या काळी आजाऱ्यालाच द्यायचे.) मालती नुसतं "काय सांगू" म्हणाली. मग आम्हाला घरी नेऊन भाकरी आणि झणझणीत वांगं खायला घातलं. माझ्यासाठी वेगळा मऊ भात केला होता.

परतताना एसटीत सुमन खिडकीबाहेर बघत होती. एकदम म्हणाली, "दादा, तुला गवताचं सांगायची काय गरज होती?"

"म्हणजे?"

"बघायला आलोय म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

मी मालतीकडे बघितलं. मालतीनं कपाळाला हात लावला.

झालं! आठवडाभरात एका नातेवाइकाकरवी मी रीतसर विचारणा केली. निरोप आला: मुलगी पसंत आहे, पण थोरला भाऊ गवत बघतो. घराण्यात असतं का तसं?

सुमननं माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी मी कोट-हॅट पेटीत टाकून नेसरी गाठली, चुलत्यांच्या पाया पडलो, ओरडा खाल्ला आणि त्यांना घेऊन तात्यांच्या दारात उभा राहिलो. चुलत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून साक्ष दिली, "घराण्यात कुणाला न्हाय. ह्योबी ल्हानपणी बरा हुता. इंग्रजी शिकला आन् असं झालं."

तात्यांनी सुस्कारा सोडला. "मग हरकत न्हाय. पोरगी किती शिकलीया इंग्रजी?"

"मॅट्रिकला नापासच झाली होती," मी अभिमानानं सांगितलं. लग्न ठरलं.

आता दर थंडीत मी सुमनच्या घरी जातो. पोचायच्या आत ओढ्याकाठी माझ्यासाठी बाज टाकलेली असते. तिथे पडून मी बघत बसतो. बरं वाटतं, अगदी आपल्या घरी आल्यासारखं. मागच्या खेपेला बांधावरून जाणाऱ्या एकानं तात्यांना विचारलं, "ते पावणं कुठलं म्हणायचं?"

"पावणं न्हवं," तात्या म्हणाले, "आमचंच येडं हाय ते. गवत बघतंय."