आईचं डोकं आणि गाडीचं पॅकिंग

आमची गाडी जुनी होती, पण वडिलांच्या मते तिच्यात काडीची खोट नव्हती. खोट होती ती आईत.

आम्ही राहायचो राहात्याला. वडिलांचा तिथं आडतीचा धंदा. गाव मात्र पार तिकडं तिसगावजवळ, दोन काका, काकू, शेती असं मोठं खटलं. नव्वदीच्या सुरुवातीला वडिलांनी ही सेकंडहँड गाडी घेतली आणि दिवाळीला, हुरड्याला आम्ही ऐटीत गावी जायला लागलो. तेव्हापासून आईचं डोकं दुखायला लागलं. करंजी घाट आला की कपाळ दाबायची, पोचेपर्यंत तोंड पांढरंफटक, आणि उतरली की थेट आतल्या खोलीत आडवी. चुलीपुढं भाकरीचं पीठ तसंच.

आणि माहेरी जाताना? काही नाही! टवटवीत जायची, टवटवीत यायची. झालं, आत्याला आयतंच सापडलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नगरला दिलेली, पण गावच्या घरात शब्द तिचाच चालायचा. "सासरची वाट दिसली की बरोबर दुखतंय बाईचं डोकं," ती भर ओसरीवर म्हणायची. "नाटकं हायेत नुसती." काकू माना डोलवायच्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, आईच्या वाटच्या भाकरी त्यांनाच थापाव्या लागायच्या.

आई माहेरी एसटीनं जायची, हे मात्र एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. सासुरवाडीला गाडी नेली की मेव्हणे चालवायला मागतील, म्हणून वडील ती तिकडं नेतच नसत.

आईला त्या 'नाटकं' शब्दाची भयंकर चीड होती. एरवी ती कोणाचं काही मनाला लावून घेणारी नाही, पण यावरून मी तिला रडताना पाहिलंय. "मी कामचुकार असते तर दुकानच्या हमालांचा चहा कोन करतंय रोज?" ती मला विचारायची. मी तेव्हा कॉलेजात होते. वडिलांशी भांडायचे, पण वडिलांपुढं बोलून कोणाचं काय चाललंय!

"अहो, माझ्या पायाशी धुराचा वास येतो," आईनं किती वेळा सांगितलं.

"मला का येत न्हाई मग?"

कसा येईल? वडिलांना तंबाखूची सवय. घडीघडी काच खाली करून पिंक टाकायची, तेवढी हवा त्यांना पुरायची. माझी मागची काच अडकून कायमची अर्धी उघडी. राहिली आई. तिच्या बाजूची काच वर म्हणजे वर, कारण वडिलांच्या कानाला वारा सोसत नसे. मफलर, वर कानटोपी, एवढं लेवूनही सोसत नसे.

गाडी सकाळी सुरू केली की इंजिनातून टकटक यायची. तापली की कमी व्हायची. वडिलांचं निदान ठरलेलं, "टॅपेट वाजतायत." दर हुरड्याच्या आधी टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपांचे खटके, सेट करून आणायचे. मिस्तरी सेट करायचा, गाडी पुन्हा टकटकायची, वडील पुन्हा न्यायचे. आईच्या डोक्याला मात्र एकदाही कोणाकडं नेलं नाही.

त्या वर्षी हुरड्याला आत्याच्या मुलाची जीप भाड्यानं गेलेली होती. म्हणून नगरहून आत्या आमच्याच गाडीत येणार होती. तिच्या दारात गाडी थांबली तशी आई पटकन उतरली, पदर सावरला आणि म्हणाली, "अक्का, तुमी पुढं बसा. तुमच्यासारख्या मोठ्या माणसानं मागं बसलेलं बरं दिसतं का?"

आत्या फुगली आणि पुढं बसली. आई मला पलीकडं सरकवून मागं बसली, अर्ध्या काचेपाशी. मी तिच्याकडं पाहिलं. ती बाहेरची शेतं बघत होती, अगदी साळसूद.

मेहकरीपर्यंत आत्या अखंड बोलत होती. कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणी किती मीठ टाकलं. मग जांभया सुरू झाल्या. घाटाच्या चढाला गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हायला लागली आणि आत्या गप्प. आत्या गप्प म्हणजे वडीलसुद्धा दचकले.

"गाडी थांबव रं! डोकं फुटायलंय माझं. मळमळतंय."

वडिलांनी गाडी कडेला घेतली. आत्या मैलाच्या दगडावर बसली, पदर डोक्याला आवळून, तोंड पांढरंफटक. आई तांब्या घेऊन गेली, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. मग इतक्या गोड आवाजात विचारलं की काय सांगू,

"अगं बाई! अक्का, माहेरी जातानाबी दुखतं व्हय डोकं?"

मी गाडीमागं जाऊन तोंडात ओढणी कोंबली. वडिलांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली. उरलेली वाट आत्यानं काच खाली करून काढली, आणि वडिलांच्या कानाचं काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तिसगावातला मिस्तरी आला. गार इंजिन सुरू करून त्यानं बाजूला साबणाचं पाणी ओतलं. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा जो बिडाचा भाग असतो, त्या मॅनिफोल्डच्या सांध्यातून भसाभस फुगे आले. मधलं पॅकिंग जळून काळं पडलेलं. टकटक होती ती तिथली, तापून सांधा आवळला की दबायची. आणि बॉनेटच्या मागच्या पत्र्यातलं वायरींचं रबर कुजून भोक पडलेलं, नेमकं आईच्या पायांपुढं. पुढं काही वर्षांनी मोठ्या शहरांतल्या नव्या गाड्यांना धूर निवळायचं यंत्र आलं. आमच्या गाडीत ते काम आई करत होती.

पॅकिंग बदललं, भोक बुजवलं, टकटक गेली. दिवाळीला आम्ही पुन्हा गावी गेलो. गाडी लोण्यासारखी चाललेली, आई घाटात माझ्याशी गप्पा मारत होती. अंगणात उतरली मात्र, आणि तिनं कपाळाला हात लावला.

"दुखतंय का गं?" आत्या धावत आली, मग वडिलांवर घसरली. "आन् ए, तू परत त्याच खटाऱ्यात आनलंस व्हय हिला? लाज न्हाई वाटत?" वडील बिचारे दुरुस्तीचं सांगायला लागले, पण ऐकतंय कोण? काकूंनी आतल्या खोलीत गोधडी अंथरली. आत्यानं स्वतः चहा करून आणला.

सगळे गेल्यावर मी दार लोटलं. "आई, गाडी तर दुरुस्त झाली. आता काय दुखतंय तुझं?"

"काही न्हाई," आई चहाचा घोट घेत म्हणाली. "इतकी वर्सं खरं दुखत हुतं, तर नाटक म्हनले. आज नाटक करते. म्हनू देत खरं."