दोघांसाठी पंखा

कोणाच्याही घरी गेले की पंखेवाले भाऊ आधी छताकडे बघत आणि मग माणसांकडे. पंखा जरा डुलत असला तर चहाचा कप हातात तसाच राही. "एक पातं जड हाय," म्हणत आणि यजमानालाच स्टूल आणायला लावत. माजरीच्या कोळसा खाणीत हवा खेळवणारे पंखे सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं, तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना फारसं नवल वाटलं नाही. पंख्याला आता विमान जोडणार, एवढंच आम्ही म्हणालो.

विमान वहिनींसाठी होतं. "माही जिंदगी जमिनीखाली गेली आन् हिची वरती वाट पाहण्यात. एक डाव हिले माह्या हातानं वर नेतो," असं ते सांगत. त्यासाठी नागपूरला जाऊन उडायलाही शिकून आले होते. वहिनी तांदूळ निवडता निवडता ऐकत.

सांगाडा झाला, इंजिन आलं आणि गाडं पंख्यापाशी अडलं. प्रॉपेलर हा शब्द भाऊंनी कधी तोंडातून काढला नाही. पंखा लाकडाचा, अॅल्युमिनियमचा की कार्बन फायबरचा? आमच्या भागात असा प्रश्न पडतच नाही. इकडे पलंग सागवानाचा, चौकट सागवानाची, पाळणाही सागवानाचा. पाहुणासुद्धा आत येण्याआधी दारावर टिचकी मारून बघतो. विमानाच्या पुस्तकांत दुसरीच लाकडं सांगितली होती. "त्याहिच्याकडे सागवान नसन," भाऊ म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

पातळ फळ्या एकावर एक चिकटवून घडवलेला तो पंखा दिसायला देखणा होता. पण सागवान तेलकट, त्यावर गोंद नीट धरत नाही. विमान कडुनिंबाला दोराने बांधून इंजिनाचा वेग वाढवला, आणि एक थर सुटून शेजारच्या गोठ्याच्या टिनात घुसला. त्या दणक्याने तिथली म्हैस पुढे बरेच दिवस दूध चोरत होती. भाऊंनी दोष आधी गोंदाला दिला, मग आमच्या उन्हाळ्याला, आणि पुन्हा सागवानच आणलं. तोही पंखा उकलला. डोळे धड होते तेवढे त्यांचे दिवस या हट्टापायी वाया गेले, असं मी आजही मानतो.

अखेर कार्बनची तीन पाती आली. त्यांचा कोन जमिनीवर असताना बदलता येई. कोन जास्त ठेवला तर विमान वर गेल्यावर दौडतं, पण उठायला वेळ घेतं. कमी ठेवला तर झटकन चढतं, पण पुढे बैलगाडीच्या चालीने जातं. "दौड का चढाई?" भाऊ दूधवाल्यालाही विचारत.

"दौड ठेवा भाऊ," मी म्हटलं. "एवढा खटाटोप केला, तर जरा वेग तरी दिसू द्या."

"एकटा असतो तं दौडच ठेवली असती," ते म्हणाले. "विमान उडवाच्या पट्टीच्या टोकाले मोहाची झाडं हायत. दोघं बसून त्याच्यावरून निघाले पाहिजे ना. मले कुठी पोचाची घाई हाय?"

चढाई ठरली. तोवर रक्तातल्या साखरेने भाऊंचे डोळे अधू केले होते. तपासणीत डॉक्टरांनी भाऊंना उडायला साफ मनाई केली. घरी येऊन ते नुसते पाती पुसत बसले. मला फार वाईट वाटलं.

मग परवानग्या मिळाल्यावर त्यांनीच नागपूरच्या एका निवृत्त वैमानिकाला बोलावलं. त्याने आधी एकट्याने विमान पारखलं, आणि एका सकाळी भाऊंनी वहिनींचा पदर खोचून, पट्टा आवळून त्यांना त्याच्या शेजारी बसवलं. मोहाच्या झाडांवरून विमान आरामात निघालं. आम्ही सगळे वर बघत होतो. भाऊ मात्र मान खाली घालून नुसता आवाज ऐकत होते. "थरथर नाई," ते मला म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि मायाही वाटली.

वहिनी उतरल्या. कोणी काही बोलायच्या आत भाऊंनी विचारलं, "पंखा कसा होता?"

"फिराले लागला का दिसते कुठी तो?" वहिनी म्हणाल्या. "मले तं तुमी दिसून राह्यले होते. एवढेसे. मी हात हालवला. अजी, एक डाव वर तं पाहाचं होतं."

"मले दिसलं नसतं वो."

"तुमी पाहून राह्यले, हे मले तं दिसलं असतं."